तपकिरी बाटली

झाडूंच्या मांडणीआड माणसाला सलग किती वेळ उभं राहता येतं याचा कुणी अभ्यास केला आहे की नाही ठाऊक नाही. नमुनेसाहेब त्या गुरुवारी एक तास चाळीस मिनिटं उभे होते. समोरच्या रांगेत, जमिनीपासून वीतभर उंचीच्या फळीवर चौतीस बाटल्या होत्या. सकाळी दुकान उघडलं तेव्हाही चौतीसच होत्या. मधल्या वेळात एका बाईनं एक बाटली उचलली, उजेडाकडे धरली, हलवली, नवऱ्याला म्हणाली, "पाणी आहे वाटतं," आणि ठेवून दिली. दुकानाच्या रखवालदारानं येऊन झाडू हवाय का म्हणून विचारलं. तो तिसऱ्यांदा विचारत होता, तेव्हा साहेबांनी झाडू घेतला. घरातला त्या महिन्यातला हा चौथा झाडू.

बाटल्या मेहुणीच्या होत्या. आतलं भांडी घासायचं द्रावणही तीच बनवायची. पण त्यात काय काय नसावं, हे सगळं साहेबांनी ठरवलं होतं. रंग नसावा, कारण रंगानं भांडं निघत नाही. वास नसावा, कारण भांडं नाकानं घासत नाहीत. फेस तर मुळीच नसावा, कारण फेस म्हणजे निव्वळ आरडाओरडा. एवढं सगळं काढून टाकल्यावर जे उरलं ते भांड्यावरचं तेल असं काही सोडवायचं की ताट हातात किंचाळायचं. फक्त दिसायला ते पाण्यासारखं होतं, आणि पारदर्शक बाटलीत तर हुबेहूब पाणी.

साहेबांचाही दोष नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी तपासणी प्रयोगशाळेत काढली होती. तिथे माल यायचा तो वेष्टन फाडून, नाव पुसून, नुसत्या आकड्यानिशी. साबण असो, शाई असो, रंग असो, टेबलावर आला की तो 'नमुना क्रमांक अमुक'. कोणत्या कंपनीचा, डब्यावर बाई हसते आहे की फूल उमललं आहे, याचा तपासणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. गल्लीत त्यांना नमुनेसाहेब म्हणत ते यावरूनच. माणसंही अशीच, कपडे आणि नातेवाईक बाजूला ठेवून, आकडा लावून आली असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना निवृत्तीनंतर वारंवार वाटे.

तर याच साहेबांनी वर्षभरापूर्वी जेवल्यावर हात धुता धुता मेहुणीला सांगितलं होतं, "माल खरा असला की बाटली कोण बघतं?" आणि या एका वाक्यावर मेहुणीनं शाळेच्या कार्यालयातली चौदा वर्षांची नोकरी सोडली. माणसं एवढ्याशा वाक्यावर नोकरी सोडतात हे माहीत असतं तर साहेब आयुष्यात एकूणच कमी बोलले असते. दुकानदारानं तिला महिनाभरासाठी एक फळी दिली होती. पुढच्या शनिवारी महिना संपत होता, आणि फळी घासण्यांच्या एका कंपनीला कबूल झाली होती. शाळेतली जागा अजून भरलेली नव्हती. यायचं तर त्यानंतरच्या सोमवारपर्यंत या, असं मुख्याध्यापकांनी कळवलं होतं. वीस दिवसांत चाळीसपैकी सहा बाटल्या गेल्या होत्या. त्यातल्या तीन साहेबांच्या बायकोनं घेतल्या होत्या, दोन खुद्द साहेबांनी, आणि एक कुणाच्या तरी धक्क्यानं पडून फुटली होती, ती दुकानदारानं विक्रीत धरली. मनानं चांगला होता तो.

गल्लीला हे सगळं माहीत होतं, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, हिरवा रंग घाला. हिरवं दिसलं की लिंबू आठवतं आणि लिंबू आठवलं की भांडं निघाल्यासारखं वाटतं. समोर राहणारे चित्रकलेचे निवृत्त मास्तर म्हणाले, बाटलीला कंबर हवी. सरळसोट बाटली हातात घ्यावीशी वाटत नाही. कंबर कुठे हवी हे त्यांनी हवेत दोन्ही हातांनी काढून दाखवलं, आणि ते जरा जास्त वेळ दाखवत राहिल्यामुळे त्यांच्या बायकोनं त्यांना आत बोलावलं. साहेबांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: ही प्रयोगशाळा आहे, जत्रा नाही. प्रयोगशाळा म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर.

मेहुणी काही बोलत नव्हती. ती पूर्वी जेवता जेवता शाळेतल्या गमती सांगायची, ती आता ताटाकडे बघून जेवायची. साहेबांना ओरडणारं माणूस परवडलं असतं.

शेवटी बायकोनं युक्ती केली. बाटली सुंदर करा म्हटलं असतं तर साहेब मेले तरी ऐकते ना. तिनं दूध गाळता गाळता नुसतं विचारलं, "अहो, पारदर्शक बाटलीत उजेडानं माल उतरत नाही का हो?"

हा शास्त्रीय प्रश्न होता. साहेब रात्री त्यावर विचार करत झोपले आणि शुक्रवारी सकाळी आपल्या जुन्या प्रयोगशाळेच्या भांडारात जाऊन उभे राहिले. तिथे तपकिरी काचेच्या चाळीस कोऱ्या बाटल्या पडून असल्याचं त्यांना आठवत होतं. कुठल्याशा तपासणीसाठी मागवलेल्या, धुतलेल्या, सीलबंद. आणि मग ती तपासणीच रद्द झालेली. भांडारपाल त्यांच्या हाताखाली वाढलेला. त्यानं खुर्ची दिली, तब्येत विचारली आणि बाटल्या देता येणार नाहीत म्हणून सांगितलं. त्या वापरलेल्या नसल्यामुळे भंगारात काढता येत नव्हत्या, आणि त्यांची तपासणी रद्द झाल्यामुळे वापरता येत नव्हत्या. साहेबांनी तीन तास तीन टेबलं केली. निघता निघता तिसऱ्या टेबलावर मार्ग निघाला: बाटल्या 'नमुन्यादाखल' देता येतील. मात्र त्यांची नोंद बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीच्या आकड्यानं असल्यामुळे चिठ्ठी काढता येणार नाही. तसं साहेबांकडून लिहून घेण्यात आलं.

चिठ्ठीवर टंकलिखित अक्षरांत होतं: नमुना क्र. ४१७. प्रकाशापासून दूर ठेवावे. आणि कोपऱ्यात तांबड्या शाईचा तिरपा शिक्का: राखीव.

रविवारी साहेबांनी बाटल्या भरल्या, प्रत्येकीखाली 'भांडी घासण्यासाठी' अशी छोटी पट्टी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवली आणि सोमवारी सकाळी त्या फळीवर गेल्या. जुन्या चौतीस काढून घेतल्या.

सोमवारी दुपारपर्यंत अकरा बाटल्या गेल्या होत्या. साहेब झाडूंच्या आडून बघत होते. लोक येत, बाटली उचलत, तिच्या वजनानं जरा दचकत, 'राखीव' वाचत आणि आपल्या नशिबात हे कसं काय आलं अशा चेहऱ्यानं इकडेतिकडे बघून पटकन टोपलीत टाकत. एका गृहस्थांनी दुकानदाराला हळूच विचारलं, हे असं सगळ्यांना विकायला परवानगी आहे का. दुकानदारानं सांगितलं, जोवर आहे तोवर घ्या. मंगळवारी आणखी वीस. बुधवारी सकाळी फळी रिकामी.

साहेबांचा ऊर भरून आला. मालाचं खरेपण लोकांना उशिरा का होईना पटलं, असं ते म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर तेवढंच पुरतं. दुकानदारानं निरोप धाडला: आणखी दोनशे तयार ठेवा. फळी कायमची द्यायची म्हणतोय, पण दुकान आईच्या नावावर आहे, कायमचं काही तिच्याशिवाय होत नाही. ती स्वतः तुमची बाटली वापरते आहे. शनिवारी अकराला येईल. मेहुणी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवली.

आणि गुरुवारी संध्याकाळी, पुढच्या बाटल्यांची तयारी म्हणून तिनं कॅनमध्ये हात घातला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रयोगशाळेत कुठल्याही तपासणीला शेजारी एक 'कोरा नमुना' ठेवतात. म्हणजे नुसतं पाणी. ते त्याच आकाराच्या भांड्यात, त्याच उंचीपर्यंत भरायचं, म्हणजे तुलना न्यायाची होते. साहेबांनी घरीही हा नियम पाळला होता. मोरीच्या बाजूला वीस लिटरचे दोन सारखे कॅन: क्रमांक एक आणि क्रमांक दोन. एकात द्रावण, दुसऱ्यात पाणी. आणि तपासणाऱ्याचं मन कलुषित होऊ नये म्हणून साहेब दर रविवारी डोळे मिटून आकड्यांच्या पट्ट्या अदलाबदल करायचे की नाही ते नाणं उडवून ठरवायचे, आणि बायकोकडून ते एका चिठ्ठीवर लिहून घेऊन ती चिठ्ठी न बघता खणात टाकायचे. कोणता कॅन कुठला हे तपासणाऱ्यालाही कळता कामा नये, अशी ती पद्धत. पद्धत पूर्ण यशस्वी झाली होती.

"भावोजी, एक नंबरचा कॅन हाताला बुळबुळीत लागतो," मेहुणी म्हणाली. "आणि तो भरलेला आहे. रिकामा झालाय तो दोन नंबरचा."

साहेबांनी खण उघडला. चिठ्ठीची घडी उलगडायला त्यांना बराच वेळ लागला. क्रमांक दोन: कोरा. बायकोच्या अक्षरात, वळणदार.

गॅसवरच्या दुधाला उकळी येत होती, तेही तिघांनी बघितलं आणि कुणी बंद केलं नाही. गल्लीत चाळीस घरी साहेबांच्या सहीच्या तोडीच्या अक्षरात 'भांडी घासण्यासाठी' असं लिहिलेलं पाणी गेलं होतं. खरा माल महिनाभर पाणी समजून कुणी घेतला नाही, आणि पाणी तीन दिवसांत संपलं. साहेबांना पहिल्यांदा राग आला तो लोकांचा. मग त्यांच्या लक्षात आलं की रागावण्याच्या रांगेत आपला नंबर बराच मागे आहे.

शुक्रवारी ते पिशवीत खऱ्या द्रावणाच्या जुन्या बाटल्या घेऊन दारोदार निघाले. चूक झाली, बदलून देतो, एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. पण या जगात चांगलं द्यायला आलेल्या माणसाइतकं संशयास्पद कुणी नसतं. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. इतक्या वर्षांनी माझ्या बोटांची खाज थांबली आहे, म्हणाल्या, आणि ती बाटली नेऊन तुम्ही मला हे पाणी देताय होय. साहेबांना वाटलं, आता स्पष्टच सांगावं.

"वहिनी, पाणी त्या बाटलीत आहे."

"पाणी काय हो, सगळ्यातच असतं," वहिनी म्हणाल्या आणि दार लावलं.

चित्रकलेच्या मास्तरांनी बाटली वापरलेलीच नव्हती. ती काचेच्या कपाटात होती, मागे निळा कागद लावून. तिच्या खांद्यांचं वळण ते साहेबांना समजावून सांगू लागले तेव्हा साहेब उठले. आणखी एका घरी तर भांडी पूर्वीपेक्षा लख्ख निघत होती. चौकशी केल्यावर कळलं की एवढ्या भारी वस्तूचा अपमान नको म्हणून घरातली सून दुप्पट जोर लावते. संध्याकाळपर्यंत वीस घरं झाली. बदलून मिळाली ती एकही नाही. उलट दोघांनी आणखी एकेक मागितली.

घरी आल्यावर साहेबांनी चपलाही काढल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून मेहुणीला म्हणाले की, उद्या त्या म्हातारीसमोर काय करायचं ते तू ठरव. माल तुझा आहे. गप्प राहिलो तर फळी तुझी, पुढच्या बाटल्यांत खरा माल भरू, कुणाला काही कळणार नाही. हे बोलताना आपलाच आवाज आपल्याला ओळखू येत नाही असं त्यांना वाटत होतं.

मेहुणी टेबलावरच्या पट्ट्या एकावर एक सारख्या करत होती.

"मी तुमच्या शब्दावर नोकरी सोडली, भावोजी. पाणी विकायला नाही सोडली." मग पट्ट्यांची चवड बाजूला सारून म्हणाली, "सांगायचं ते तुम्हीच सांगा. अक्षर तुमचं आहे."

त्या रात्री घरात तिघंही जागी होती आणि प्रत्येक जण इतर दोघं झोपली आहेत असं समजून कूस बदलत नव्हता.

शनिवारी अकराला दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथे हात धुवायचं बेसिन होतं, तिथे खुर्ची मांडली होती. दुकानदाराची आई काठी टेकत आली आणि बसली. बारीक, ताठ, वय ऐंशीच्या पलीकडचं. तिच्यासमोर तो आडदांड दुकानदार शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा उभा होता. वहिनी आणि मास्तर काहीतरी घेण्याच्या निमित्तानं आले होते आणि काहीच घेत नव्हते. तिनं पिशवीतून आपली तपकिरी बाटली काढून बेसिनच्या कडेला ठेवली. चिठ्ठी बाहेरच्या बाजूला.

तिनं तोंड उघडण्याआधीच साहेबांनी उघडलं. थांबलो असतो तर धीर सुटला असता, असं ते नंतर म्हणाले. कोरा नमुना, दोन कॅन, नाणं, चिठ्ठी, सगळं सांगितलं. शेवटी मेहुणीकडे हात करून म्हणाले, "काकू, या बाटलीत नुसतं पाणी आहे. चूक माझी. हिचा माल चोख आहे."

दुकानदार हसायला लागला आणि आईकडे बघून थांबला. आई हसत नव्हती.

"म्हणजे चार दिवस मी पाण्यानं भांडी घासली," ती सावकाश म्हणाली, "आणि मला कळलं नाही."

या वाक्याला 'हो' म्हणणारा माणूस त्या गावात जन्माला यायचा होता. मेहुणीनं बायकोचा दंड घट्ट धरला होता. अशा वेळी साहेबांच्या मदतीला एकतीस वर्षांची सवय आली. ते म्हणाले, मी म्हणतो म्हणून मानू नका. तुम्ही डोळे मिटा. दोन ताटांना तेल लावू. एक याच्यानं घासा, एक त्याच्यानं. कोणतं निघालं ते हातांनाच विचारा.

आव्हान तिला आवडलं. तिनं चष्मा काढून मुलाकडे दिला आणि डोळे मिटले. नुसते मिटले नाहीत, आवळले. साहेबांनी दुकानातली दोन नवी ताटं घेतली, दोन्हींना सारखं तेल चोपडलं. पहिल्यासाठी घासणीवर तपकिरी बाटलीतलं ओतलं, दुसऱ्यासाठी बरोबर आणलेल्या पारदर्शक बाटलीतलं, आणि प्रत्येक ताट झाल्यावर ज्या बाटलीचं ते त्याच बाटलीशेजारी ठेवलं. म्हातारीचे हात सुरेख चालत होते. साठ वर्षं घासलेले हात ते. पहिलं ताट धुऊन झालं, तिनं अंगठा फिरवला. दुसरं धुतलं, अंगठा फिरवला, आणि ताट किंचाळलं. दुकानभर ऐकू गेलं.

"हे," ती म्हणाली. "हे निघालं. पहिलं अजून चिकट आहे." बोलण्यात जराही शंका नव्हती.

साहेबांना वाटलं, एकतीस वर्षांत एवढी स्वच्छ तपासणी आपण पाहिली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुणीचा हात सैल झाला. म्हातारीनं हात पुढे करून चष्मा मागितला, लावला आणि डोळे उघडले.

निघालेलं ताट पारदर्शक बाटलीशेजारी होतं. तिनं तिकडे बघितलं. मग तपकिरी बाटलीकडे, तिच्या काळ्या झाकणाकडे, तांबड्या शिक्क्याकडे बराच वेळ बघितलं. वहिनींनीही तेवढाच वेळ बघितलं. मग म्हातारी खुर्चीत मागे टेकली आणि आपले ओले हात उलटसुलट करून पाहू लागली.

"वय झालं यांचं," ती म्हणाली. "चुकीचं सांगायला लागलेत."

साहेबांना खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. निष्कर्ष, निरीक्षण, पूर्वग्रह असे शब्द ओठांवर आले असावेत. बायकोनं त्यांच्या पायावर पाय ठेवला, आणि उचलला नाही.

तेवढ्यात मेहुणी पुढे झाली. तिनं म्हातारीची तपकिरी बाटली उचलली, झाकण काढलं, आणि बाटली बेसिनमध्ये उपडी केली. सगळं पाणी गेलं. मग फळीवरचं नरसाळं घेतलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पारदर्शक बाटलीतला माल शेवटच्या थेंबापर्यंत तपकिरी बाटलीत ओतला. कुणी लपवाछपवी केली नाही, कुणी डोळे मिटले नाहीत. झाकण लावलं, बाटली पुसली, आणि चिठ्ठी बाहेर करून म्हातारीपुढे ठेवली.

"आजी, आता बघा."

म्हातारीनं ते पहिलं, चिकट ताट ओढलं. डोळे सताड उघडे ठेवून घासलं, धुतलं, अंगठा फिरवला. ताट किंचाळलं. तिनं मुलाकडे बघून मान हलवली.

"आता बरोबर सांगतायत," ती हातांबद्दल म्हणाली. "फळी दे त्यांना. ती खालची नको, डोळ्यांसमोरची दे." आणि उठता उठता साहेबांना म्हणाली, "आकडा बदलू नका हं. चारशे सतराच चांगला आहे."

वहिनी घरी जाऊन आपली बाटली घेऊन आल्या. दुपारपर्यंत रांग लागली. मेहुणी प्रत्येक बाटली लोकांसमोर ओतून टाकत होती आणि लोकांसमोर भरत होती, आणि प्रत्येक जण बाटली परत घेताना तीच आहे ना, हे आधी चिठ्ठीवर बघत होता. मास्तरांनी तेवढी ओतू दिली नाही. त्यांना आत काय आहे याच्याशी कर्तव्यच नव्हतं, आणि त्या दिवशी सबंध गल्लीत तेवढा एकच प्रामाणिक माणूस आहे असं साहेबांना वाटून गेलं.

सोमवारी मेहुणीनं मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. दोनच ओळींचं: जागा भरून घ्यावी, मी येत नाही. ते नेऊन द्यायचं काम साहेबांकडे होतं. ते दहाला निघाले आणि शाळेत पोहोचायला त्यांना बारा वाजले. वाटेत ते कागदाच्या दुकानात थांबले होते. एवढ्या महत्त्वाच्या पत्राला साधा लिफाफा त्यांना बरा दिसेना.